बरोबरीचा भिडू

“मशीनला डोळे नसतात,” मगदूम सर मुलांना सांगत होते. “म्हणून त्याच्याशी खेळताना पटावरून नजर हलवायची नाही. माणसाशी खेळताना मात्र अधूनमधून समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं. माणूस जिथं बघतो तिथं त्याचं मन असतं. मशीनचं मन कुठंच नसतं.”

“पण सर, मशीनला कॅमेरा असतो की,” अन्वी म्हणाली. वर्गातली ती सगळ्यांत हुशार मुलगी, आणि सगळ्यांत भांडखोरही.

“कॅमेरा म्हणजे डोळा नव्हे. तुझ्या आजीच्या चष्म्याला तू डोळा म्हणशील का?”

पोरं हसली. विश्रामबागेतल्या त्यांच्या बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत सहा पट मांडलेले होते आणि मुलं चटईवर मांडी घालून बसली होती. सांगलीतल्या बहुतेक शाळांत आता काचेचे पट आले होते. त्यांवरची मोहरी प्रकाशाची असायची, बोट फिरवलं की चालायची. सरांकडे मात्र लाकडीच मोहरी होती. मोहरा हातात धरल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“आणखी ऐका. मशीन घाबरत नाही, तेव्हा त्याला भीती दाखवायला खोटे हल्ले करायचे नाहीत. ते दमत नाही. तुम्ही दमलात तर उठून पाणी प्या, त्यात लाज कसली? आम्ही तरुण होतो तेव्हा प्याद्यांची भिंत घालून बसायचो. मशीनला वाट सापडायची नाही. आता तेही चालत नाही, आता ते भिंतीवरून बघतं.”

“मग खेळायचंच कशाला सर? हरणारच की आपण,” मागून एक मुलगा म्हणाला.

सरांनी त्याच्याकडे बघितलं. ओठ हलले, पण नाव येईना.

“तन्मय, पाय आवर बघू, पटाला लागतोय,” कोपऱ्यात मेथी निवडत बसलेली पद्मजा म्हणाली.

“तन्मय,” सर लगेच म्हणाले, “चांगलं विचारलंस. ते दया करत नाही, म्हणून खेळायचं. घरी तुझे बाबा तुला जिंकू देतात. मामा देतो. मीसुद्धा कधी कधी देतो. मशीन देत नाही. चूक झाली की मारतं. म्हणजे ते तुला खरं सांगतं. फक्त हरलास की लगेच त्याला विचारायला जायचं नाही, कुठं चुकलो म्हणून. आधी आपली चूक आपण शोधायची. नाहीच सापडली, तर विचारायचं.”

पद्मजाच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग तिने मान खाली घालून पुन्हा पानं खुडायला सुरुवात केली.

सरांची बायको म्हणून तिने या खोलीत आयुष्य काढलं होतं, पण ते पाणी आणि खाऊ देण्यात. वर्गात ती बसायला लागली गेल्या दिवाळीपासून. सरांना मुलांची नावं आठवेनाशी झाली होती. मग ती एखादं भाजीचं ताट घेऊन कोपऱ्यात बसायची, आणि सर अडले की त्या मुलाला काहीतरी सांगायची, म्हणजे नाव आपोआप सरांच्या कानावर पडायचं. मुलांना पत्ता नव्हता. सरांनाही नसावा, असं तिला वाटे.

वर्गाच्या दोन रीती होत्या. हरलेल्याने मोहरी पुन्हा मांडायची आणि जिंकलेल्याने त्याला त्याची चूक दाखवायची, त्याशिवाय दोघांनीही उठायचं नाही. दुसरी रीत सरांची स्वतःची. एखाद्या मुलाने त्यांना पहिल्यांदा हरवलं की दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन ते त्याच्या घरी जायचे. दारातच उभं राहून सांगायचे, “तुमच्या मुलानं काल मला हरवलं. त्याच्यात आहे. त्याला थांबवू नका.” मुलगी असली तर आणखी एक वाक्य असायचं, “घरकामाला लावून तिचा खेळ मोडू नका.” सांगली-मिरजेतल्या कितीतरी दारांत ही वाक्यं बोलली गेली होती. पुड्याची आठवण पद्मजा करून द्यायची. लग्न नवं होतं तेव्हा ती एकदा म्हणाली होती, मलाही शिकवा की. “शिकवू की, एवढी स्पर्धा होऊ दे,” असं सर म्हणाले होते. मग एका स्पर्धेमागून दुसरी येत गेली.

आजाराचं सरांनीच पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं. एकदा गणपती मंदिराकडून घरी येताना वाट चुकून ते भलतीकडे गेले. रिक्षा करून आले आणि पायरीवर बसून म्हणाले, “पद्मा, माझ्या डोक्यातली मोहरी कुणीतरी एकेक उचलून नेतंय.”

मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर रेवती सुतार लहानपणी सरांच्याच वर्गात होत्या. त्यांच्याही दारात एकेकाळी पेढे गेले होते. तपासण्या झाल्यावर त्यांनी पद्मजाला एकटीला आत बोलावलं. टेबलावर बुद्धिबळाचा एक जाडसर पट होता, आणि त्याच्या एका कडेला हरभऱ्याएवढी काच.

“काकू, याला सोबती म्हणतात. साधा कॉम्प्युटर पटाकडे बघतो आणि एवढंच विचारतो, की इथं सगळ्यांत चांगली खेळी कोणती? हा आधी दुसरं विचारतो. समोरच्या माणसाला इथं काय दिसतंय, आणि काय दिसत नाहीये? सर किती वेळ विचार करतात, हात कुठल्या मोहऱ्यावर जाऊन परत येतो, पटाच्या कुठल्या कोपऱ्यात नजर जातच नाही, हे सगळं तो टिपत राहतो. थोड्या दिवसांत सरांची नजर त्याच्यात उतरते. मग तो त्याच नजरेनं खेळतो. सरांना तीन खेळ्या पुढचं दिसत असेल, तर तोही तेवढंच बघतो. त्यामुळे डाव नेहमी अटीतटीचा होतो.”

“त्यानं काय साधतं?”

“शेतातून पायवाट असते बघा. माणसं येत-जात राहिली तर ती राहते. कुणी फिरकलं नाही की गवत चढतं. मेंदूतल्या वाटा अशाच असतात. डाव फार सोपा असला तर मेंदू झोपतो, फार अवघड असला तर हात टेकतो. जिंकणार की हरणार हे शेवटपर्यंत कळत नसेल, तेव्हा माणूस सगळ्या वाटांवरून धावतो. यानं आजार थांबणार नाही काकू, पण सावकाश होईल. आणि सोबती किती खाली उतरलाय ते बघून आजार किती पुढं गेला हेही मला कळेल. तापाला जसा थर्मामीटर.”

“खाली उतरलाय म्हणजे?”

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. “सरांना जसजसं कमी दिसेल, तसतसा तोही कमी बघेल. हे त्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर ते खेळायचं सोडून त्याचीच परीक्षा घेत बसतील, आणि मोजमाप बिघडेल. शिवाय…”

दोघीही सरांना ओळखून होत्या.

सरांना एवढंच सांगितलं गेलं की मशीन त्यांच्या ताकदीला लावलंय. त्यांनी त्याचा अर्थ घेतला तो आपल्या उमेदीच्या ताकदीचा, राज्यासाठी खेळत होते त्या वेळच्या. कुणी तो दुरुस्त केला नाही.

मग तोच रिवाज झाला. मगदुमांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जेवण सूर्यास्ताआधी. दिवस मावळला की सर सोबतीसमोर बसायचे. पटाखालच्या चुंबकांनी पलीकडची मोहरी आपोआप सरकायची. सर त्याच्याशी बोलायचे. “अरे, उंटाला कुठं पाठवतोस थंडीचा? बस, आता तुझा घोडा अडकला बघ.” एखादा डाव जायचा, एखादा यायचा. जिंकले की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे.

“नावं जाऊ देत, पद्मा. खेळ शाबूत आहे.”

“आहेच मुळी,” ती म्हणायची आणि ओट्याकडे वळायची. तिच्या फोनवर रोज एक रेघ यायची. तिला कळावं म्हणून डॉक्टरांनी रेघेच्या कडेला शब्द लिहून दिले होते. सर्वांत वर होतं राज्य, मग जिल्हा, मग तालुका, मग शाळा, आणि सर्वांत खाली नवशिके. उन्हाळ्यात रेघ तालुक्याच्या खाली गेली. दसऱ्याला ती शाळेत होती. सरांच्या वाट्याला मात्र जिंकणं-हरणं पहिल्याइतकंच येत होतं, त्यामुळे त्यांना सगळं जिथल्या तिथं वाटत होतं.

या वर्षात आणखी एक गोष्ट झाली, तिच्या नकळत. रोज वर्गात बसून तेच तेच ऐकताना एकदा भांडी विसळताविसळता तिच्या लक्षात आलं, की तन्मयने सकाळी उंट हलवला तो चुकलाच. त्यामुळे हत्तीची वाट मोकळी झाली. ती हातात फेस घेऊन तशीच उभी राहिली. आपल्याला हे कसं कळलं?

माघातली एक संध्याकाळ होती. सर सोबतीसमोर बसले होते. पद्मजा गोळी आणि कोमट पाणी घेऊन आली, तेवढ्यात सरांनी आपला वजीर उचलून पटाच्या मधोमध ठेवला. समोर तिरक्या घरात सोबतीचं प्यादं उभं होतं. एका खेळीत वजीर फुकट गेला असता.

काचेमागचा दिवा लुकलुकला. मग पटाच्या पार दुसऱ्या टोकाचं एक प्यादं एक घर पुढे सरकलं.

सर पटाकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

“दिसलं तुला?”

“काय?”

“पद्मा.”

“मला काय कळतंय ओ त्यातलं.”

“तुझी नजर आधी वजिरावर गेली, मग त्या प्याद्यावर, आणि मग माझ्यावर. ज्याला खेळ येत नाही तो असं बघत नाही. कधी शिकलीस?”

तिने पेला खाली ठेवला. “मेथी निवडताना.”

सर हसले. पण ते हसू फार टिकलं नाही. “वजीर मी मुद्दाम ठेवला. परवा हत्ती ठेवला होता, तोही यानं घेतला नाही. तेव्हा वाटलं, यात काहीतरी गोम असेल आणि मलाच दिसत नसेल. स्वतःवर भरवसा नाही राहिला ना. म्हणून आज तुझ्याकडे बघायचं ठरवलं. तुला तो फुकट दिसला. म्हणजे तो फुकटच होता.” त्यांनी सोबतीच्या काचेकडे बोट केलं. “कुठवर खाली आलाय हा?”

ती त्यांच्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांची पायवाट सांगितली, रेघ सांगितली, कडेचे शब्द सांगितले.

“अन्वीच्या वर आहे का खाली?” शेवटी त्यांनी विचारलं.

“खाली.”

“तन्मयच्या?”

तिने गोळी आणि पेला त्यांच्यापुढे सरकवला.

“बरं,” सर म्हणाले. “म्हणजे इतके दिवस जिंकू देत होता मला.”

“जिंकू नाही ओ देत. तुमच्या बरोबरीनं खेळतो तो.”

“आपलं बळ झाकून खेळायचं, याला बरोबरी नाही म्हणत. पोरांना काय सांगत होतो मी? मशीन दया करत नाही.” मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. “आणि तू कोपऱ्यात बसून ते ऐकत होतीस.”

“रागावलात?”

“रागावलो तरी सकाळपर्यंत लक्षात राहायला पाहिजे ना.” मग ते सरळ बसले. “याला मोकळा सोड. पुरा. जेवढं दिसतं तेवढं सगळं बघू दे त्याला.”

तिने फोनवर ते बदललं. डाव सुरू झाला. तिने शेगडीवर दूध ठेवलं होतं, ते तापायच्या आत डाव संपला. सोबती स्वतःची मोहरी स्वतः मांडतो, तरी सरांनी दोन्ही बाजूंची मोहरी हाताने मांडली. मग रीतीप्रमाणे ते आपली चूक शोधत बसले. बराच वेळ बसले.

“सापडत नाही,” ते म्हणाले. “विचार त्याला.”

सोबतीने दाखवलं. एक घोडा पुढे आला, मागे गेला, पुन्हा आला. सरांनी ते पुन्हा एकदा दाखवायला लावलं.

“कळलं का?” तिने विचारलं.

“नाही.” त्यांनी तळव्याने पट पुसला. “पण खरं बोलला.”

दुसऱ्या दिवशी सरांनी अन्वीला आणि मोठ्या मुलांना मिरजेच्या एका तरुण शिक्षकाकडे पाठवून दिलं. अन्वी रडली नाही, भांडली. “मी काय केलं सर? मला का काढताय?” सर म्हणाले, “तू माझ्या पुढं गेलीस, आणि मला ते दिसलंही नाही. हे शिक्षकाला शोभत नाही.” ती तरी जाईना. तेव्हा त्यांनी आपल्या पटावरचा पांढरा घोडा काढून तिच्या हातात दिला. त्या पटावर नंतर घोड्याच्या जागी एक बाटलीचं बूच उभं राहू लागलं. हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो, एवढंच शिकायचं वय असलेली चिल्लीपिल्ली तेवढी वर्गात उरली.

आणि सोबतीसमोर बसायला सरांनी साफ नकार दिला.

“काकू, खेळ तुटला तर वाट बुजायला वेळ लागणार नाही,” डॉक्टर फोनवर म्हणाल्या. “कसंही करून बसवा त्यांना.”

“तुला माहीत आहेत ना ते? खोट्या भिडूसमोर ते बसणार नाहीत.”

“मग खरा आणायचा कुठून? त्यांच्या पातळीचं, रोज संध्याकाळी, न कंटाळता खेळणारं माणूस कुठं मिळणार आपल्याला?”

फोन ठेवल्यावर पद्मजा त्या वाक्यापाशीच घुटमळत राहिली. मग तिने सोबती उचलून कपाटावर ठेवला, लाकडी पट टेबलावर मांडला आणि पदर खोचून पलीकडच्या खुर्चीत बसली.

“या.”

“कुणाशी खेळू?” सर दारातून म्हणाले.

“माझ्याशी. शेवटी ते मशीन माझ्याच पातळीवर आलं होतं. मला खोटं खाली उतरायला नको. मी आहेच खाली.”

सर आले. खुर्ची ओढून बसले. बुचाला बोट लावून तो घोडा नीट घराच्या मध्ये सरकवला.

“एक अट आहे. दया करायची नाही. जे दिसेल ते खेळायचं.”

“आणि तुम्ही?”

“मला आता दया करण्याइतकं दिसत नाही.”

पहिले कितीतरी डाव सरांनी जिंकले, आणि खरेच जिंकले. हरली की ती मोहरी मांडायची आणि सर तिची चूक दाखवायचे. “राजाला खिडकी ठेव, पद्मा. तीन प्याद्यांच्या मागं त्याला कोंडून ठेवलंस, तर एकटा हत्ती येऊन मारून जातो. एक प्यादं सरकवायचं. राजाला डोकं बाहेर काढायला जागा हवी.” लग्नानंतर राहून गेलेलं शिकवणं असं सुरू झालं. त्या दिवसांत ते पुन्हा गाणं गुणगुणत अंघोळीला जाऊ लागले. डॉक्टर म्हणाल्या, वाट अजून चालती आहे. मग काही डाव बरोबरीत सुटायला लागले.

अडचण पद्मजाला हळूहळू कळली. मशीन खाली उतरू शकत होतं. तिला ते येत नव्हतं. जे एकदा दिसायला लागलं, ते न दिसल्यासारखं कसं करायचं? रोज सर शिकवत होते म्हणून ती रोज थोडी वर चढत होती, आणि सर थोडे खाली. पायऱ्यांवर दोघांची भेट झाली होती. पण जिन्यावर कुणी कायमचं थांबत नाही.

चैत्रातल्या एका संध्याकाळी तिला ते दिसलं. सरांचा राजा कोपऱ्यात होता. त्याच्यापुढे तीन प्यादी जागची हललेली नव्हती. आणि तिच्या हत्तीपुढची उभी पट्टी शेवटपर्यंत मोकळी होती. हत्ती शेवटच्या घरात गेला की डाव संपला.

तिचा हात हत्तीवर गेला आणि थांबला. दुसरं काहीही खेळता आलं असतं. एखादं प्यादं. त्यांना कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं. सोबतीने तेच केलं असतं.

तिने वर बघितलं, तर सर तिच्या डोळ्यांकडे बघत होते.

“दिसलंय तुला.”

“हो.”

“मला नाही दिसत. मग तूच खेळायला पाहिजेस.”

तिने हत्ती नेऊन ठेवला. “शह,” ती म्हणाली. सरांनी राजाच्या शेजारच्या प्रत्येक घरावर बोट ठेवून बघितलं. पुढची घरं त्याच्याच प्याद्यांनी अडवली होती, आणि बाजूचं घर हत्तीच्या माऱ्यात होतं.

“मात,” शेवटी ते स्वतःच म्हणाले, आणि मोहरी मांडायला लागले. हत्ती कोपऱ्यात, त्याच्या शेजारी घोडा, दुसऱ्या बाजूला घोड्याच्या जागी बूच. सगळं मांडून झाल्यावर हात मांडीवर घेऊन बसले. “चूक दाखव.”

तिने राजापुढच्या प्याद्यावर बोट ठेवलं. “राजाला खिडकी ठेवली नव्हती.”

“खिडकी,” सर म्हणाले. त्यांनी ते प्यादं एक घर पुढे सरकवलं, राजाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “हो की. छान आहे हे. कुणी शिकवलं गं तुला?”

“आमच्या सरांनी,” ती म्हणाली.

सकाळी ती देवळातून आली, तर सर इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत उभे होते. बटणं एका घराने चुकली होती.

“पेढे आणायला पाहिजेत, पद्मा. काल एका मुलीनं मला हरवलं. तिच्या घरी जाऊन यायला हवं.”

“कुठली मुलगी हो?”

“तेच तर.” त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. “तू सांग की नाव. तूच सांगतेस ना नेहमी, कोपऱ्यातून.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. तिने पुढे होऊन बटणं काढली आणि पहिल्यापासून नीट लावली. सगळ्या मुलांची नावं ती आजवर बेमालूम पुरवत आली होती. हे एक नाव मात्र तिच्या तोंडातून बाहेर येईना.

“घर माहीत आहे मला तिचं,” ती म्हणाली. “चला, दाखवते.”

दोघं निघाली. कोपऱ्यावरच्या दुकानातून सरांनी पेढे घेतले, पुड्याचा दोरा नीट बांधला आहे ना ते बघितलं. वाऱ्यावर हळदीचा वास येत होता. मार्केट यार्डात नवी हळद आली असावी. सर रस्ताभर बोलत होते. मुलगी हुशार आहे, पण भिडस्त आहे. मारायच्या वेळी हात आखडतो तिचा. घरचे नको म्हणतील कदाचित, मुलीच्या जातीला कशाला म्हणतील, पण आपण सांगायचं. ती हूं हूं करत होती. कॉलेजला वळसा घालून, पलीकडच्या गल्लीतून फिरून ती दोघं पुन्हा आपल्याच फाटकाशी आली.

“हेच का?”

“हेच. तुम्ही दारापाशी थांबा. मी बघते, आत कुणी आहे का.”

ती घराच्या कडेने, पाण्याच्या टाकीमागून गेली. मागचं दार उघडून स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आली. सहा पट चटईवर तसेच मांडलेले होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. तिने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि दार उघडलं.

सरांनी पुडा काखेत धरून हात जोडले.

“नमस्कार. मी मगदूम. मुलांना बुद्धिबळ शिकवतो. तुमच्या मुलीनं काल मला हरवलं.”

“हो का?”

“तिच्यात आहे. तिला थांबवू नका. घरकामाला…” ते अडखळले. तिला वाटलं, गेलं वाक्य. पण त्यांनी ते शोधून काढलं. “घरकामाला लावून तिचा खेळ मोडू नका. फार उशीर होतो मग.”

“नाही मोडणार,” ती म्हणाली.

त्यांनी दोरा सोडून पुडा पुढे केला. तिने एक पेढा उचलला.

“आणखी एक सांगा तिला. तिला ते दिसलं होतं, आणि तरी ती थांबली होती. शेवटी खेळली, ते फार बरं केलं म्हणावं.”

“सांगते.” पेढा तिच्या हातात तसाच होता. “आत या ना, सर. चहा घेऊन जा.”

“नको, उगाच तुम्हाला त्रास,” सर म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांनी पायातल्या चपला काढल्या, आणि खाली न बघता पायानेच त्या डावीकडे, खिडकीखाली सरकवल्या. इतकी वर्षं रोज ठेवत आले होते, तिथंच.